नेट गेलं तेव्हा कोण झोपलं होतं?

देवळ्यात नेट गेलं की पहिला फोन केबलवाल्याला जातो. त्यात गैर काही नाही. फायबर खांबावरून येतं, खांब रस्त्याच्या कडेला असतो, आणि रस्त्याच्या कामाला जेसीबी लागला की तार तुटायला एक फटका पुरतो. पलीकडून ठरलेलं उत्तर येतं: "राऊटर पाच मिनिटं बंद ठेवा, मग चालू करा." तसं केलं की नेट येतं. फोन करणारा आपल्या कामाला लागतो, घेणाराही. चार दिवसांनी पुन्हा तेच. मग राऊटर बदलून मिळतो, खांबावरचा डबा उघडून बघितला जातो, शेवटी 'यांचं नेटच भंगार' असा निकाल लागून कंपनी बदलली जाते, आणि नव्या कंपनीचं नेटही जुन्यासारखंच जायला लागतं. अशा नेटच्या बाबतीत एक संशयित नेहमी सुटतो, तो म्हणजे टेबलाखालचा संगणक. नेट गेलं तेव्हा त्याला कुणी हात लावलेला नव्हता, स्क्रीन काळी होती, पंख्याचा आवाजही नव्हता. तो झोपलेला होता, एवढ्यावर त्याची सुटका होते. माझ्या मते त्याची झोप हाच त्याच्याविरुद्धचा पहिला पुरावा आहे.

या आजाराला घर भरलेलं लागतं. पंधराएक वर्षांपूर्वी कसमादेत, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या पट्ट्यात, बहुतेकांचं नेट म्हणजे संगणकाला खोचलेलं डेटाकार्ड किंवा टेलिफोनच्या तारेवरचं ब्रॉडबँड. संगणक झोपला तर नेट जायचं ते त्याच्या एकट्याचं, आणि त्याची तक्रार करायला दुसरं कुणी नसायचं. आज उमराण्यातल्या कांदा व्यापाऱ्याचं ऑफिस घ्या नाहीतर देवळ्यातलं साधं घर घ्या, एकाच फायबरवर चार मोबाईल, टीव्ही, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर आणि लॅनच्या तारेने जोडलेला एक संगणक असतो. ही सगळी मंडळी एका राऊटरच्या पोटातून जातात. त्या राऊटरला मागे चार पिवळी किंवा काळी भोकं असतात, ती म्हणजे एक छोटा स्विच. एकाने तिथे वाट अडवली की सगळ्यांची अडते. कोणी अडवली, हे मात्र राऊटर सांगत नाही.

झोपणं आणि बंद होणं यांतला फरक आधी नीट समजून घ्यायला हवा. 'स्लीप'मध्ये संगणकाचा प्रोसेसर थांबतो, स्क्रीन जाते, डिस्क थांबते. मेमरीला मात्र वीज मिळत राहते, म्हणून तर माऊस हलवला की अर्धवट सोडलेलं काम जसंच्या तसं समोर येतं. वीज मिळत राहणारी दुसरी गोष्ट म्हणजे नेटवर्क कार्ड. झोपलेल्या संगणकाच्या मागे वाकून बघा. लॅनच्या पिनेशेजारचा हिरवा किंवा पिवळा दिवा बहुधा लुकलुकत असतो. तो उगीच नाही. १९९० च्या दशकात मोठ्या कार्यालयांना वाटलं, की रात्री सगळे संगणक झोपलेले असताना ते दुरूनच उठवता यावेत, दुरुस्त्या भराव्यात आणि पुन्हा झोपवावेत. त्यातून 'वेक ऑन लॅन' आलं. त्यासाठी पाठवायचा 'मॅजिक पॅकेट' म्हणजे एक ठरलेली खूण आणि त्यामागे कार्डाचा स्वतःचा पत्ता सोळा वेळा, एकूण १०२ बाईट. ही हाक ऐकू यायची तर कार्डाचा एक कान उघडा राहायला हवा. पुढे २००९ मध्ये आलेल्या विंडोज ७ पासून कार्डावर आणखी कामं आली. संगणक झोपला असताना कुणी विचारलं, की अमुक आयपी पत्ता कुणाचा, तर मालकाला न उठवता कार्डाने परस्पर 'आमचा' असं उत्तर द्यायचं. म्हणजे झोपलेला संगणक ऐकतोही आणि बोलतोही. देवळ्यातल्या घरात त्याला दुरून उठवायला कुणी बसलेलं नसतं, पण सोय कारखान्यातूनच चालू होऊन आलेली असते.

आता बिघाड कसा होतो ते बघू. उमराण्याच्या बाजार समितीतलं चित्र डोळ्यांसमोर आणा. लिलाव झाला की कांद्याचा ट्रॅक्टर वजनकाट्यावर जातो आणि तिथून व्यापाऱ्याच्या खळ्यावर खाली होतो. खळं भरलं, हमाल कमी पडले, तर दारावरचा माणूस हात करतो: थोडं थांबा. थोड्या वेळाने जागा होते, हात खाली येतो, ट्रॅक्टर सुटतात. नेटवर्कमध्ये या हाताला 'पॉज फ्रेम' म्हणतात आणि या व्यवस्थेला 'फ्लो कंट्रोल'. १९९७ मध्ये ती इथरनेटच्या प्रमाणकात, ८०२.३एक्स या नावाने, आली. कार्डात येणारी माहिती ठेवायला छोटीशी जागा असते, संगणक ती उपसून आपल्या मेमरीत नेतो. उपसा मंदावला की कार्ड स्विचला सांगतं, इतका वेळ काही पाठवू नकोस. जागेपणी ही पद्धत निर्धोक आहे. पण संगणक झोपला आणि झोपताना ड्रायव्हरने कार्डाला 'आता फक्त उठवण्याची हाक ऐक, बाकीचं सोडून दे' हे नीट सांगितलं नाही, तर येणारी माहिती कार्ड साठवत राहतं. उपसणारा झोपलेला आहे. जागा भरते. कार्ड हात वर करतं आणि तो हात खाली यायचं काही कारणच उरत नाही. निळी स्क्रीन येऊन अडकलेला संगणकही असाच हात वर करून बसू शकतो, पण तो निदान दिसतो तरी.

या हाताची ताकद आकड्यांत बघण्यासारखी आहे. एका पॉज फ्रेममध्ये थांबण्याचा जास्तीत जास्त अवधी ६५,५३५ एकक लिहिता येतो आणि एक एकक म्हणजे ५१२ बिट पाठवायला लागणारा वेळ. गिगाबिटच्या लाइनवर हा सगळा अवधी भरतो साधारण ३३.५ मिलिसेकंद, १०० एमबीपीएसच्या लाइनवर त्याच्या दहापट, म्हणजे सेकंदाचा तिसरा हिस्सा. अवधी संपायच्या आत पुढची फ्रेम आली की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे गिगाबिटचं भोक कायमचं गप्प ठेवायला सेकंदाला तीसेक फ्रेम पुरतात. एक फ्रेम ६४ बाईटची. गुणाकार करा: सेकंदाला दोन किलोबाईटसुद्धा होत नाहीत. ज्या लाइनवरून घरातला टीव्ही सिनेमा ओढतो, ती एवढ्याशा बडबडीने अडते. मोठी गर्दी झाली तर नेट जातं, ही आपली समजूत इथे उपयोगाची नाही. उलट राऊटरवर त्या वेळी जवळजवळ काहीच चाललेलं नसतं आणि वापराचा आलेख बघणाऱ्याला सगळं शांत दिसतं.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. संगणकाने स्वतःसाठी थांबा म्हटलं तर त्याचं भोक थांबेल, वायफायवरच्या मोबाईलने काय पाप केलं? याचं उत्तर राऊटरच्या गरिबीत आहे. नेटवर्कमध्ये काही निरोप सगळ्यांसाठी असतात: टीव्ही 'मी इथे आहे' असं सांगतो, मोबाईल 'राऊटर कोण?' असं विचारतो. असा निरोप स्विचला प्रत्येक भोकातून पाठवावा लागतो, झोपलेल्या संगणकाच्या भोकातूनही. तिथे हात वर आहे, म्हणून निरोप साठवून ठेवावा लागतो. महागड्या स्विचमध्ये प्रत्येक भोकाची साठवण वेगळी राखलेली असते आणि एखादं भोक फार वेळ अडलं तर त्याचा माल फेकून देण्याची अक्कलही. घरगुती राऊटरमधली साठवण किलोबाईटमध्ये मोजायची, फोनमधला एक फोटोही तिच्यात मावायचा नाही, आणि ती पुष्कळदा सगळ्यांना सामायिक. ती भरली की स्वस्त स्विच तेच करतो जे त्याच्याशी केलं गेलं: तो स्वतः मागच्याला हात करतो. एका खळ्याच्या दारात अडलेले ट्रॅक्टर वजनकाटा अडवतात, काट्यावरची रांग समितीच्या फाटकातून बाहेर पडून मुंबई-आग्रा महामार्गाला लागते, आणि ज्याचा कांद्याशी काही संबंध नाही तो मालेगावचा प्रवासीही खोळंबतो. काही स्विच याहून वाईट वागतात. पॉज फ्रेम शेजारच्याने वाचायची आणि तिथेच संपवायची, पुढे पाठवायची नाही, असा नियम आहे. तो न पाळणारे स्विच ती चारही भोकांतून वाटून टाकतात आणि जो तो थांबतो.

झोपेतल्या उपद्रवाचा दुसरा प्रकार याच्या बरोबर उलटा आहे. तिथे कार्ड गप्प करत नाही, ओरडत सुटतं. २०१४ च्या आसपास कार्यालयांतले आणि विद्यापीठांतले नेटवर्क सांभाळणारे लोक एका कोड्याने हैराण झाले होते. इंटेलची आय२१७-एलएम ही नेटवर्क चिप आणि तिची भावंडं असलेले संगणक झोपले, की काही ड्रायव्हर-आवृत्त्यांमुळे आयपीव्ही६ चे 'मी या गटाचा सभासद आहे' अशा अर्थाचे निरोप अखंड पाठवत राहायचे. असे दोन-चार संगणक एका इमारतीत झोपले की मोठमोठे स्विचही ते निरोप वाचता वाचता थकायचे. ड्रायव्हर नवा टाकला की थांबायचं. पहिल्या प्रकारचा, हात वर करण्याचा खेळ आज लॅपटॉपला जोडायच्या डॉकमध्ये आणि यूएसबीतून लॅन देणाऱ्या छोट्या अडॅप्टरमध्ये पाहायला मिळतो. त्यांत सर्रास आढळणारी रिअलटेकची आरटीएल८१५३ ही चिप लॅपटॉप झोपल्यावर पॉज फ्रेमचा मारा करते, अशा तक्रारी जगभर आहेत. लॅपटॉप काढून नेला आणि डॉकला वीज चालू राहिली, तरी हे होऊ शकतं. म्हणजे गुन्हेगार संगणकसुद्धा नसेल, टेबलावर राहिलेली त्याची टोपी असेल.

तरीही हे निदान इतकं दुर्मीळ का? कारण आपला हातखंडा इलाज, राऊटर बंद-चालू करणं, पुरावा पुसून टाकतो. राऊटर बंद झाला की तारेवरचा संपर्क तुटतो. कार्डाच्या दृष्टीने पलीकडचा माणूस गेला. संपर्क पुन्हा जुळतो तेव्हा कार्ड आणि स्विच नव्याने बोलणी करतात, साठलेलं साफ होतं, हात खाली येतो. कधी या उलाढालीत संगणकच जागा होतो. शिवाय नेट गेलं म्हणून वैतागलेला माणूस बहुधा संगणकापाशी जाऊन माऊस हलवतोच, आणि त्याच क्षणी कारण नाहीसं होतं. राऊटर चालू केल्यावर नेट आलं, त्या अर्थी राऊटर खराब होता, हा तर्क म्हणून कच्चा आहे. एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्या, श्रेय एकीला दिलं. लाइट जाण्याने तर गोंधळ आणखी वाढतो. वीज जाऊन आली की इन्व्हर्टरवर नसलेला संगणक झोपेतून उठत नाही, सरळ बंद पडतो, आणि नेट ठणठणीत चालतं. त्यावरून 'व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे, लाइट जाऊन आली की नीट होतं' असा सिद्धान्त तयार होतो आणि स्टॅबिलायझरची खरेदी होते. केबलवाल्याचा माणूसही बिचारा अडकतो. तो येतो सकाळी अकराला, संगणकावर कुणीतरी बसलेलं, नेट धावतंय. तो 'लाइन क्लिअर' लिहून जातो आणि ते खरंच असतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार. नेट जायची कारणं शंभर, त्यांत झोपलेला संगणक एखादं; मग आधी त्याच्यामागे का लागायचं? आधी लागूच नका. फायबरच्या डब्यावर 'पॉन' आणि 'लॉस' असे दोन दिवे असतात. लॉस लाल लुकलुकत असेल तर तार तुटली आहे किंवा वाकली आहे. संगणकाला निर्दोष सोडा आणि फोन करा. पॉन हिरवा स्थिर आणि लॉस विझलेला असेल तर प्रकाश घरापर्यंत पोहोचतोय. तरी कंपनीच्या पलीकडच्या यंत्रणेत बिघाड असू शकतो, म्हणून शेजारी त्याच कंपनीचं नेट असेल तर विचारून घ्यावं. शेजाऱ्याचं चालू आणि आपलं बंद, इथून घराच्या आतल्या चौकशीला अर्थ येतो. मोबाईलच्या ब्राउझरमध्ये राऊटरचा पत्ता, पुष्कळदा १९२.१६८.१.१, टाकून त्याचं पान उघडतं का बघतात. ते उघडलं नाही तर दोष घरात हे नक्की. पण उघडलं म्हणून घर सुटत नाही. काही राऊटरांत वायफाय ते राऊटर हा रस्ता मोकळा असतो आणि राऊटर ते फायबर हा रस्ता त्या अडलेल्या स्विचमधून जातो. तेव्हा या चाचणीवर फार विसंबू नये.

खरा साक्षीदार घड्याळ आहे. तुटलेली तार वेळ बघून तुटत नाही. झोपणारा संगणक मात्र सेटिंगमध्ये लिहिलेल्या मिनिटांनी झोपतो. समजा, झोपेचा काळ अर्ध्या तासाचा आहे. दुकानदार दीडला जेवायला उठला तर नेट दोनच्या सुमारास जाईल. रात्री साडेनऊला हिशेब आटोपले तर दहाला टीव्ही गोल फिरायला लागेल. रविवारी संगणक लावलाच नाही, तर रविवारी तक्रारच नसेल. म्हणून फोन करण्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेट गेल्याची वेळ लिहावी, आठ-दहा नोंदी पुरतात. तिकडे संगणकाकडेही स्वतःची वही असते. विंडोजच्या 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये 'सिस्टीम' या नोंदवहीत 'कर्नल-पॉवर' नावाखाली ४२ क्रमांकाची नोंद म्हणजे संगणक झोपी गेला. 'पॉवर-ट्रबलशूटर' नावाखाली १ क्रमांकाची नोंद म्हणजे उठला, आणि तिच्यात झोपण्याची व उठण्याची वेळ दोन ओळींत दिलेली असते. कॅलेंडरवरच्या वेळा आणि या वेळा शेजारी शेजारी मांडा. दहापैकी नऊ वेळा नेट संगणक झोपल्यानंतर काही मिनिटांत गेलं असेल, तर योगायोग म्हणणाऱ्याला बरंच काही सिद्ध करावं लागेल. एक सावधगिरी: झोप आणि बिघाड यांत थोडं अंतर पडू शकतं, कारण साठवण भरायला वेळ लागतो. घरात मोबाईल-टीव्ही जास्त असतील तर ते अंतर कमी.

वेळा जुळणं हा संशय झाला, निकाल नव्हे. निकालासाठी एकच प्रयोग आहे आणि तो करताना मोह आवरावा लागतो. नेट गेलं की राऊटरला हात लावायचा नाही, संगणकाचा माऊसही हलवायचा नाही. मोबाईलवर नेट नाही हे पाहून ठेवायचं. मग राऊटरच्या मागून फक्त संगणकाकडे जाणारी लॅनची पिन, तिची छोटी कडी दाबून, बाहेर ओढायची. बाकी सगळं जसंच्या तसं. दहा-वीस सेकंदांत मोबाईलवर नेट आलं, तर जे काही अडवत होतं ते त्या तारेच्या पलीकडच्या टोकाला आहे. राऊटर बंद-चालू करण्यात आणि या प्रयोगात फरक हा, की इथे एकच गोष्ट बदलली. नेट नाही आलं, तर संगणक सुटला. डीव्हीआरची तार तशीच काढून बघा, आणि तरीही नाही तर मग खुशाल केबलवाल्याला फोन करा, या वेळी आपल्याकडे सांगण्यासारखं काही आहे. पिन परत लावली आणि नेट लगेच गेलं नाही, तर त्याने निकाल बदलत नाही; संपर्क नव्याने जुळल्याने कार्ड तात्पुरतं ताळ्यावर आलेलं असू शकतं. अशा वेळी मुद्दाम स्टार्ट मेनूतून 'स्लीप' द्यावं आणि वाट बघावी. तीनदा झोपवून तीनदा नेट गेलं की शंकेला जागा राहत नाही. नेटवर्कचं बोलणं टिपणारं वायरशार्क हे सॉफ्टवेअर इथे हमखास फसवतं: आरडाओरडा करणारा प्रकार त्यात दिसतो, पण पॉज फ्रेम कार्डच गिळून टाकतं, सॉफ्टवेअरपर्यंत येऊ देत नाही. तिथे काही दिसलं नाही म्हणून काही झालं नाही, असं समजणारे जाणते लोकही आहेत. या कामी दोन बोटं आणि लॅनची पिन जास्त भरवशाची.

'नेटवर्क गेलं' म्हणून येणारी एक साधी तक्रार मात्र इथे वेगळी काढायला हवी, तिला पॉज फ्रेमची पदवी देऊ नये. व्यापाऱ्याच्या ऑफिसात टॅलीचा डेटा किंवा प्रिंटर एका संगणकावर असतो आणि बाकीचे त्याला जोडून काम करतात. तो मुख्य संगणक झोपला की बाकीच्यांना फाईल सापडत नाही. इंटरनेट चालू असतं, फक्त दुकानाचं काम बंद. यात बिघाड काहीच नाही. ज्याच्यावर दुसरे अवलंबून आहेत त्याला झोपू देऊ नये, इतकंच. तिसरीही एक गंमत आहे. संगणक झोपला असताना राऊटर बंद-चालू केला, तर काही राऊटर कुणाला कोणता आयपी पत्ता दिला होता ते विसरतात आणि झोपलेल्याचा पत्ता एखाद्या मोबाईलला देऊन मोकळे होतात. झोपलेलं कार्ड मात्र तो पत्ता आपलाच म्हणून सांगत असतं. मग त्या एकाच मोबाईलचं नेट रखडतं आणि त्या मोबाईलचीच खोड काढली जाते.

उपायांबद्दल तिसरा आक्षेप लोक हमखास घेतात: एवढी भानगड करण्यापेक्षा संगणकाला झोपूच देऊ नका. चालेल, पण त्याचा हिशेब करा. रिकामा बसलेला डेस्कटॉप ६० वॅट घेतो असं धरलं आणि रोज १२ तास तो विनाकारण जागा राहिला, तर महिन्याला साधारण २१-२२ युनिट जातात. झोपेत तोच दोन-तीन वॅटवर भागवतो, महिन्याला एखादं युनिट. कार्डाच्या एका खोडीसाठी वर्षभर हे बिल भरणं मला पटत नाही. त्याआधी करण्यासारखं बरंच आहे. संगणक किंवा मदरबोर्ड बनवणाऱ्याच्या साइटवरून नेटवर्क कार्डाचा ताजा ड्रायव्हर घ्यावा. विंडोजने आपणहून टाकलेला ड्रायव्हर पुष्कळदा जुना असतो. त्याने भागलं नाही तर 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये कार्डाच्या 'ॲडव्हान्स्ड' यादीत 'फ्लो कंट्रोल' सापडतं, ते 'डिसेबल्ड' करावं. घरच्या वापरात याने काही गमावत नाही: माहिती पाठवणारे प्रोग्राम स्वतःच वेग सांभाळतात आणि हरवलेलं पुन्हा मागवतात, हात वर करणाऱ्या दारवानावाचूनही. त्याच यादीत 'वेक ऑन मॅजिक पॅकेट' आणि शेजारच्या 'पॉवर मॅनेजमेंट' पानावरची 'या उपकरणाला संगणक उठवू द्या' ही खूण काढून टाकली की बरीचशी कार्डं झोपेत खरोखर झोपतात. लॅनचा दिवा विझला का, हे मागे वाकून बघणं हीच त्याची तपासणी. स्लीपऐवजी हायबरनेट वापरणं हाही एक मार्ग. उठायला काही सेकंद जास्त लागतात, पण लाइट गेली तर अर्धवट काम वाचतं, आणि जिथे विजेचा भरवसा नाही तिथे मला हाच मार्ग जास्त शहाणपणाचा वाटतो. दिवा मात्र तिथेही बघावा, कारण काही संगणक 'शटडाउन' केल्यावरही कार्डाला वीज देत राहतात. 'आम्ही तर रोज बंद करतो' असं सांगणाऱ्या घरातलाही दिवा एकदा बघायला हरकत नाही. डॉक किंवा अडॅप्टर दोषी असेल तर जाताना त्याची लॅनची पिन काढायची, किंवा वेगळ्या चिपचं अडॅप्टर घ्यायचं.

दोष नक्की कुणाचा, यावर वाद घालता येईल. झोपताना कार्डाला नीट सूचना न देणारा ड्रायव्हर चुकला हे उघड आहे. पण एका भोकाच्या अडवणुकीने सगळं घर बसवणारा राऊटरही तितकाच चुकला. चांगला स्विच फार वेळ वर राहिलेल्या हाताकडे दुर्लक्ष करतो. म्हणून कधी कधी संगणक तोच, खोड तीच, आणि राऊटर बदलल्यावर त्रास जातो, किंवा जुना राऊटर देऊन नवा घेतल्यावर नव्यानेच सुरू होतो. 'राऊटर बदलला तेव्हापासून नेट जातंय' हे वाक्य म्हणून खरं असू शकतं आणि तरी संगणक सुटत नाही. संगणक आणि राऊटर यांच्यामध्ये एखादा स्वस्तातला जुना स्विच लावला असेल तर आरोपी तीन होतात. मग पिन कुठून काढायची त्याचा क्रम ठरवावा लागतो: आधी संगणकाची छोट्या स्विचमधून, मग छोट्या स्विचची राऊटरमधून. पहिलीने नेट आलं तर संगणक. पहिलीने आलं नाही आणि दुसरीने आलं, तर तो स्विच स्वतःच अडकून बसलाय. त्याचा अडॅप्टर सॉकेटमधून काढून त्याला जरा निवांत झोपू द्यावं, आणि वेळ जमेल तेव्हा बदलून टाकावं.